फक्त टेकवायचं

"आत्ता?" संघप्रियानं विचारलं.

"आत्ताच. संध्याकाळी क्रांती घरात असणार," सुगत म्हणाला.

शुक्रवार होता. सुगतच्या रबाळ्याच्या कंपनीला सुट्टी होती, मुलगी क्रांती कॉलेजला गेली होती. सुगतनं दाराला आतून कडी लावली, बेडरूमची खिडकी ओढून घेतली. पलंगावर टॉवेल अंथरून त्यावर त्यानं तळहातात मावेल एवढं जांभळं मशीन ठेवलं होतं. टोकाला वाटीसारखं इवलंसं तोंड, हवेनं हलकेच ओढणारं. पाळी थांबल्यापासून संघप्रियाला नवरा जवळ आला की दुखायचं. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून हा उपाय सांगितला होता, खोकल्याचं औषध सांगावं इतक्या सहज. सुगत तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला होता.

पण घरी आल्यावर सगळं त्यानंच मनावर घेतलं. फिटर माणूस. डब्यातला कागद तीनदा वाचला, मशीन कोमट पाण्यानं धुतलं, पुसून चार्जिंगला लावलं.

आणि पहिल्याच खेपेला जोरात दाबलं.

"आई गं!" संघप्रियानं गुडघे जवळ ओढले. "दाबू नका ना."

"पकड नको का बसायला?"

"बाई काय म्हणाल्या होत्या? आत घालायचं नाही, दाबायचं नाही. फक्त टेकवायचं."

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी वेग जास्त लागला. ती दचकली, त्याचं मनगट बाजूला करत म्हणाली, "द्या इकडं."

तिनं गुडघ्यांखाली उशी घेतली. बोटावर जेल घेऊन सावकाश लावलं. मशीन सगळ्यात कमी वेगावर आणलं आणि जागा शोधत राहिली. थोडं वर, थोडं डावीकडे. सुगतला आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं कळेना.

"बोट धरा माझं," ती डोळे मिटून म्हणाली.

त्यानं धरलं. खाली सोसायटीत कुणीतरी पार्किंगवरून वॉचमनशी भांडत होतं. ते भांडण वाढलं, मिटलं, तरी ती तशीच होती. मधेच फार झालं म्हणून तिनं मशीन उचललं, दोन श्वास घेतले, परत टेकवलं. हे कागदात कुठं लिहिलं नव्हतं. तिचं तिलाच कळत होतं. मग तिच्या पावलांची बोटं आखडली, सुगतचं बोट तिनं मोडेल इतकं आवळलं आणि तिच्या गळ्यातून एक आवाज आला. लांब, मोकळा.

मग ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच होती.

सुगतही हसला. अडलेलं काम हातावेगळं झाल्यासारखा खूश झाला. "बघ, टेन्शन घेत होतीस उगाच. झालं ना परत पहिल्यासारखं?"

तिनं मनगटानं डोळे पुसले. "पहिल्यासारखं नाही."

"म्हणजे?"

"हे पहिल्यांदाच झालं."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत अंधारात ऐकलेले तिचे आवाज त्याला एकेक करून आठवू लागले. त्यांचा अर्थ त्यानं आपल्या सोयीनं लावला होता. खरा आवाज आत्ता ऐकल्यावर ते सगळे वेगळे ऐकू यायला लागले.

"एकदा पण नाही?"

तिनं मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला तिच्याकडे बघता आलं असतं.

"मग सांगायचं ना, प्रिया."

"सांगितलं होतं." तिनं चादर अंगावर ओढली. "क्रांतीच्या आधी. घणसोलीच्या खोलीत. तुमचा हात धरून दाखवलं होतं, इथं, असं, हळू. तुमी हात सोडवून घेतला. म्हणालात, हे तुला कुणी शिकवलं?"

सुगतनं आठवून पाहिलं. त्या खोलीचा गळका पत्रा आठवला, दाराआडचा स्टोव्ह आठवला, पडद्यापलीकडे झोपलेली आई आठवली. हे वाक्य काही केल्या आठवेना.

"मला आठवत नाही गं."

"माहितीय मला. आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी. मी म्हटलं, जाऊ दे. नवीन संसार हाय." ती छताकडे बघत होती. "नंतर सवय झाली. तुमी वाईट नव्हता हो. मारलं नाही, पिऊन आला नाही. म्हणून मग आणखीनच बोलता आलं नाही."

त्याला माफी मागायची होती. पण तिचा चेहरा इतका निवांत दिसत होता, की आत्ता आपण रडलो तर हिलाच उठून आपली समजूत काढावी लागेल, असं त्याला वाटलं. तो पलंगाच्या कडेवर तसाच बसून राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चहा टाकता का? माझे पाय थरथरतायत अजून."

तो स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात पाणी घातलं, आलं ठेचलं, साखर टाकली. पाण्याला आधण येत होतं तेवढ्यात बेडरूममधून मशीन सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. त्याला हाक आली नव्हती.

सुगतनं हात लांबवून गॅस बारीक केला. मग आणखी बारीक केला.