बनशंकरीच्या मैफलीतला बेंजो

सुज्ञ वाचकहो, बेंगळुरूतील एका बेंजोवादकाच्या कृतज्ञतेची हकीकत येथे यथामती निवेदन करीत आहे. ती शांत चित्ताने ऐकावी.

"कलाकार पाच मिनिटांत वर. घरची मंडळी पहिल्या रांगेत," संयोजक त्रिविक्रम कागदावर नजर ठेवून म्हणाले. "अक्का, तुम्हीसुद्धा."

वासंतीबाई पतीच्या सदऱ्याची वरची गुंडी लावीत होत्या. त्यांचा हात तेथेच थांबला.

"ही माझ्याजवळ बसली असती तर बरे झाले असते," श्रीरंगराव नम्रपणे म्हणाले.

"जोडीने बसायला ही काय सत्यनारायणाची पूजा आहे, अण्णा?" त्रिविक्रम हसले. "मंच लहान आहे."

श्रीरंगरावांनी शालीतून उजवा हात काढून छातीशी नेला व मान लववली. वासंतीबाई शेजारी नसतील तर आपल्या हातून एक सूरही निघणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ज्यांनी हा मंच दिला, त्यांच्याकडे आणखी काय मागावे?

पट्ट्या दाबाव्यात आणि नखीने तारा छेडाव्यात, असे बेंजो हे वरातीतले वाद्य. यशवंतपूरच्या कारखान्यातील नोकरी सुटली तेव्हा श्रीरंगरावांनी ते माळ्यावर टाकले. वासंतीबाईंनीच ते खाली काढले आणि वर्षभर हट्टाने रियाज करवून घेतला. एके सकाळी देवळाच्या आवारात ते सूर अहल्येच्या कानी पडले. ती कर्नाटक संगीतातील व्हायोलिनवादक. तिने महादेवपुऱ्यात संगणकाची नोकरी करणारा गिटारवाला शंतनु गाठला आणि तालमी सुरू झाल्या.

"काका, तो फास्ट पीस आधी घेऊ. एकदम किलर आहे!" शंतनु म्हणे.

"आधी माझा हंसध्वनी," अहल्या म्हणे. "तुझा रॉक म्हणजे कुकरच्या शिट्ट्या."

त्यांची भांडणे ऐकतानाही श्रीरंगराव मनोमन दोघांचे आभार मानीत. आज मैफल रंगली तर बेंजोला त्यांच्या पंक्तीत कायमची जागा मिळणार होती. फसली तर पुन्हा माळा.

"मी बोलू का त्यांच्याशी?" वासंतीबाईंनी हळूच विचारले.

"नको. उपकार करणाऱ्यांना अडचण नको."

वासंतीबाईंनी बेंजो पतीच्या पुढ्यात ठेवला आणि त्या खाली जाऊन बसल्या. पडदा उघडला. अहल्येने गज उचलला, शेजारी पाहिले आणि गज पुन्हा मांडीवर ठेवला.

"स्वल्प थांबा. बेंजो आलेला नाही."

त्रिविक्रम विंगेतून धावत आले. "हे काय, अण्णा समोर बसलेत की!"

"अर्धेच बसलेत."

"म्हणजे?"

"सर, काकूंना वर बोलवा," शंतनु म्हणाला, "नाहीतर आम्हीही खाली येतो." आणि स्वतःची खुर्ची मागे ओढून त्याने जागा केली.

श्रीरंगरावांचे डोळे भरून आले. वासंतीबाई पदर खोचून वर आल्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या. श्रीरंगरावांनी नखी धरली. वासंतीबाईंनी पट्ट्यांवर बोटे ठेवली.

श्रीरंगरावांना डावा हात नव्हता.

येथवर सोबत केलीत, त्याबद्दल वाचकांचा ऋणी,
मल्हार अप्पासाहेब मोहिते