खिडकीतला फुगा

घरीच लाकूड तासून घडवलेली पवनचक्की गच्चीवर उभी करायला भौतिकशास्त्राच्या बाईंना फक्त नगररचना कार्यालयाची परवानगी हवी होती. शेजारच्या काकूंची हरकत होती: अंथरुणाला खिळलेल्या काकांच्या खिडकीतलं आभाळ अडेल. अंदाज यावा म्हणून कार्यालयाच्या निरीक्षकांनी गच्चीवरून चक्कीच्या उंचीइतक्या दोरीवर लाल फुगा सोडला आणि सगळे काकांच्या उशाशी जमले. फुगा खिडकीच्या मधोमध आला. “मी म्हणत नव्हते?” काकू म्हणाल्या. वाऱ्याने फुगा झोपेत कूस बदलावी तसा कलला, पुन्हा वर आला. काका बघतच राहिले. “आभाळ नुसतं पडून असतं, माझ्यासारखं,” ते म्हणाले. “हा हलतो तरी. वारा पडला की थांबणार का गं तुझी चक्की?” “थांबेल, काका.” “चालेल. वाट बघायला काहीतरी होईल.” काकूंनी निरीक्षकांच्या हातातून हरकतीचा अर्ज काढून घेतला.