सरळ रांग

"मॅलकी, तुम्हाला इथे पगार तरी कशाचा मिळायचा हो?" सहलीतल्या कॉन्सेप्टाबाईंनी बागेतल्या पुलावर उभं राहून विचारलं. "सगळं तर आपोआप उगवलंय."

मॅलकी डोरन गालातल्या गालात हसले. विकलो परगण्यातल्या या नदीकाठच्या बागेत त्यांनी एक्केचाळीस वर्षं माळीकाम केलं होतं, आणि इथल्या माळ्याला याहून मोठी शाबासकी नाही. बाग लावली त्या दिवसापासूनचा नियमच तो. मरेस्तोवर राबायचं, पण माणसाचा हात लागलाय असं दिसता कामा नये. झाड पाण्यावर झुकलं तर झुकू द्यायचं. डॅफोडिलचे कंद मुठीत घेऊन खांद्यावरून मागे फेकायचे आणि जिथे पडतील तिथेच पुरायचे.

कार्लो गावच्या चर्चने काढलेली ही म्हाताऱ्यांची सहल. बारीक पाऊस सुरू झाला तशी सगळी मंडळी चहाच्या खोलीकडे वळली. मॅलकींची मुलगी एथना त्यांचा कोपर धरून उभी होती. सोमवारी बाबा वृद्धाश्रमात जायचे होते. त्याआधी त्यांना बाग एकदा बघायची होती, आणि आधाराला कुणी असल्याशिवाय त्यांना बसमध्ये घेत नव्हते, म्हणून ती आली. नवऱ्याला तिने कारण सांगितलं ते एवढंच.

खरं कारण जुनं होतं. आठ वर्षांची असताना, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनच्या सुट्टीत, ती बाबांचं बोट धरून इथे आली होती. तिला टोपलीभर कंद मिळाले. एवढे चांगले कंद फेकायचे हे तिच्या जिवावर आलं. तिने स्वेटरची लोकर उसवली, दोन काटक्यांना बांधून ताणली, आणि सगळे कंद ओळीने नीट पुरले. मग मोठ्या हौसेने बाबांना दाखवायला नेलं. बाबा सगळ्या माळ्यांसमोर म्हणाले, "कबरस्तान मांडलंयस का गं?" माळी पोट धरून हसले होते.

शेहेचाळीस वर्षं झाली, एथनाने पुन्हा या बागेत पाऊल टाकलं नव्हतं. बाबांनी एकदा तरी 'चुकलं माझं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. सोमवारनंतर ते राहूनच जाईल असं तिला वाटत होतं. पण हा माणूस शब्दाला महाग. आईला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा दारात आलेल्या प्रत्येकाशी ते पावसापाण्याबद्दलच बोलले होते.

"चहा काही पळून जात नाही," मॅलकी म्हणाले आणि उलट्या दिशेने निघाले. वाटेवर दोरी बांधून 'गवतात जाऊ नये' अशी पाटी लावली होती. त्यांनी काठीने दोरी उचलली आणि खालून वाकायला बघितलं. वाकणं जमेना, तेव्हा एथनाने ती सोडवली.

गवतात चार पावलं टाकतात न टाकतात तोच रबरी बूट घातलेली एक बाई ओरडत आली. जवळ येऊन तिने मॅलकींना ओळखलं आणि तिचा आवाज खाली आला. ती ऑर्ला, बागेची आताची मुख्य माळीण, मॅलकींच्याच हाताखाली तयार झालेली.

"रांगेकडे निघालात होय," ती म्हणाली, आणि त्यांचा दुसरा कोपर धरून चालू लागली.

मोठ्या निलगिरीपलीकडे उतार होता. उतारभर डॅफोडिल विखरून फुलले होते, आकाशातून सांडल्यासारखे. आणि त्यांच्या मधोमध, वीसेक फूट लांब, एकापुढे एक, डॅफोडिलची एक रांग उभी होती.

एथनाचे पाय थांबले. "तुम्ही ही उपटली नाहीत?" तिने विचारलं.

उत्तर दिलं ते ऑर्लाने. "उपटणं सोपं होतं हो. डॅफोडिल रांगेत राहतात कुठे? कंदाला पिल्लं फुटतात आणि वाट फुटेल तिकडे पसरतात. दर तीन वर्षांनी, फुलं सरली की जूनमध्ये, सगळे कंद काढायचे आणि दोरी ताणून पुन्हा लावायचे. निवृत्त झाल्यावरही हे दोन बस बदलून यायचे त्यासाठी. माझ्या हातात किल्ल्या दिल्या तेव्हा एकच हुकूम होता, रांगेला हात लावायचा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, उद्या ऊन पडेल बहुतेक."

एथनाला ते जूनमधले दिवस आठवले. विकलोकडच्या कुणाच्या तरी मयताला जातो म्हणून बाबा निघायचे आणि दोन्ही गुडघ्यांना चिखल घेऊन परत यायचे. थडग्यापाशी इतका वेळ गुडघे टेकून काय करतात, असं तिला वाटायचं.

मॅलकींचं लक्ष मात्र रांगेच्या पलीकडच्या टोकाकडे होतं. तिथली पाच-सहा रोपं ओळ सोडून गवतात शिरली होती. त्यांनी काठीने एक रोप आत ढकलून पाहिलं. ते पुन्हा बाहेर आलं.

"चुकलं माझं, एथना," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली, गुडघे वाकत नाहीत. वाकडी झाली बघ तुझी रांग."

एथनाने त्यांच्या हातातली काठी हळूच बाजूला घेतली आणि त्यांचा हात आपल्या हातात धरला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "आपोआप उगवल्यासारखी दिसतेय."