हुबेहूब हाक

उन्हाळ्यात पक्षीनिरीक्षकाने मोबाइलवर मादीची हाक वाजवली. नर अंडी सोडून अंगणातल्या झुडपाबाहेर आला. फोटो झकास निघाला. तेवढ्यात कावळ्याने अंडी उचलली.

"शोभतं का तुम्हाला?" बायको म्हणाली. फोटोला बक्षीस मिळालं, तरी तो भिंतीवर काही लागला नाही.

पावसाळ्यात त्याच झुडपातून "अहो!" ऐकू यायला लागलं. आवाज बायकोचा; ती तर त्याच्याशेजारी भाजी निवडत बसलेली. तो जागचा हलायचा नाही. नजर मात्र खाली जायची.

थंडीतल्या एका सकाळी हाक त्याच्याच आवाजात आली. "अगं, ये ना जरा!"

"आले हो," म्हणत बायको झुडपाकडे निघाली.

"अगं, थांब!" तो खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडला.

ती मागे न वळता झुडपाकडेच बघून हसली. "अहो, ऐकलंत? पाखरू हुबेहूब तुमच्यासारखं ओरडतंय."