शेवटचा कोपरा

"तो कोपरा दुमड, आत घाल," यामना म्हणाली.

"का पण, आई? बाईंनी पूर्ण गालिचा दाखवायला सांगितलाय."

"सांगतील! आज फोटो मागतात, उद्या मराकेशचा गालिच्यांचा दलाल दारात उभा करतील. कोण कुठली बाई, लोकांच्या घरात डोकावत बसते!"

इज्जाने कोपरा दुमडला, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. दलालाची भीती असेल तर अख्खा गालिचा लपवायचा. एका कोपऱ्याला काय सोनं लागलंय?

शाळा सध्या फोनवर भरत होती. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना जागा नाही, त्यांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन मुलींनी मांडायचं होतं. इज्जाची पाटी तयार होती : 'विणणारी - माझी आई.' त्यांच्यात नवरी स्वतः विणलेला गालिचा घेऊन सासरी येते. यामनाच्या गालिच्याचं तर गावभर नाव. त्याच्याच जोरावर तिचा घरात शब्द चाले.

वर्ग सुरू झाला. खालच्या वस्तीतल्या फातनानेही गालिचाच मांडला होता. "माझ्या आत्यानं विणलाय, मबारकानं. आता ती नाही," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही गालिचे पडद्यावर शेजारी मांडले.

"इज्जा, कोपरा का गं दुमडलास?" फातनाने विचारलं. "खरी गंमत तिथंच असते की!"

दृष्ट लागू नये म्हणून त्या भागातल्या विणणाऱ्या बायका शेवटच्या कोपऱ्यात मुद्दाम एक चूक सोडतात. प्रत्येकीची चूक वेगळी. इज्जाने आईकडे पाहिलं. यामनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेर अंगणात तिचे सासरे चहा पीत बसले होते.

इज्जाने कोपरा उलगडला. लाल लोकरीतला उलटा त्रिकोण. फातनाच्या गालिच्यावर होता, अगदी तोच.

"ही तर माझ्या आत्याची चूक!" फातना म्हणाली.

"खोटं सांगितलंस तू," इज्जा आईकडे बघत पुटपुटली. तिला रडू येत होतं. तिने पाटीवरचं 'माझी आई' खोडलं.

यामनाने तिच्या हातातला फोन ओढून घेतला. आता ही वर्गच बंद करणार, इज्जाला वाटलं. यामनाने फोन तोंडाशी धरला आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मबारकानंच विणलाय, पोरी. आणि माझ्या लग्नात आम्ही तिला खालच्या वस्तीची म्हणून पंगतीतून उठवलं होतं, तेही पाटीवर लिहा."