तिसरा खुंटा

नवं गणित त्याच वर्षी, अडुसष्टला, आलं होतं. आठल्ये सर पालघरहून प्रशिक्षण घेऊन आले आणि वर्गात म्हणाले, "फलन म्हणजे डावीकडच्या प्रत्येकातून उजवीकडे एकच बाण निघायला हवा. दोन चालणार नाहीत आणि एकही नाही, असंही चालणार नाही. द्या बघू तुमच्या घरातलं उदाहरण."

कोळीवाड्यातली जमना उठली. तिने फळ्यावर डावीकडे जाळी बांधायचे समुद्रातले तीन खुंटे काढले आणि उजवीकडे त्यांचे मालक. तिसऱ्या खुंट्यातून तिने दोन बाण काढले, एक बापाकडे आणि एक काकाकडे.

"हे फलन नव्हे. यातला एक बाण पूस."

"कोणता, सर? दोघं पन आपलाच बोलतात."

"मग घरी विचारून ये!" सर हसले. वर्गही हसला.

संध्याकाळी एडवणच्या किनाऱ्याला बापाची आणि काकाची होडी लागली. जमना धावत गेली. "सरांनी विचारलंय, तिसरा खुंटा कोनाचा?"

"माझा," दोघे एकदम म्हणाले.

त्या खुंट्यावरून वर्षानुवर्षं धुमसणारं भांडण पेटलं. बापाने होडीतला कोयता काकाच्या मानेवर घातला. काकाने पडता पडता सुरी बापाच्या पोटात खुपसली. दोघेही तिथेच, तिच्यासमोर, वाळूत संपले.

तेराव्यानंतर जमना शाळेत आली. फळ्यावरची ती आकृती पुसायचं सरांना अजून धाडस झालं नव्हतं. तिने तळहाताने तिसऱ्या खुंट्याचे दोन्ही बाण पुसले.



"दोन चालत नव्हते ना, सर? आता एक पन नाय राहिला. हे चालंल काय?"