सहा मापांचा गठ्ठा

“सेट फुटत नाही,” घाऊक दुकानदार म्हणाला. हे वाक्य तो सकाळपासून इतक्या वेळा म्हणाला असावा, की आता त्यासाठी त्याला मान वर करावी लागत नव्हती.

त्याच्यामागे छतापर्यंत गठ्ठे रचलेले. एका गठ्ठ्यात एकाच रंगाचे, एकाच डिझाइनचे सहा कोट, सहा मापांचे, सुतळीने बांधलेले. घ्यायचे तर सहाच्या सहा. हँगरवर लटकत होता तो नुसता नमुना, आणि लेकीची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. गडद निळा, दोन बटणांचा, ऑफिसात घालायचा कोट. सोमवारी तिच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस होता.

आईने बाही उलटी करून शिवण पाहिली. सत्तावीस वर्षं मशीनवर बसलेली बाई दुसऱ्याची शिवण बघते तशी, म्हणजे सासूने सुनेचं कपाट बघावं तशी.

“असला कोट मी दोन दिवसांत शिवून देते,” ती हळूच म्हणाली.

“शिवलेला नको गं, आई. ऑफिसात लगेच कळतं.”

“काय कळतं?”

“घरचा आहे ते.”

आईने उलटी केलेली बाही पुन्हा सुलटी केली. पहिल्या झबल्यापासून कॉलेजच्या शेवटच्या ड्रेसपर्यंत या पोरीच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा टाका चढला नव्हता. खाली रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात हाच कोट तिप्पट किमतीला होता, आणि तिथून दोघी नुकत्याच ‘बघतो, सांगतो’ म्हणून निघाल्या होत्या.

“सहाजणी आणल्या तर?” आईने दुकानदाराला विचारलं.

“साठ आणा. माझा गठ्ठा गेल्याशी मतलब. पण ताई, सहा मापांच्या सहा लागतील. इथे येते ती प्रत्येक बाई स्वतःला मीडियमच म्हणते.”

“ते माझ्यावर सोडा.”

ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे ती बघतच नव्हती. खांद्यापासून सुरुवात करून कमरेपर्यंत नजर नेली, की तिला हवं ते कळत होतं. एका बारकुड्या लायब्ररियनला तिने दंडाला धरूनच आत आणलं. पाठोपाठ एक नर्स आली, मग एक उंच मास्तरीण. वकीलबाई तर आपण होऊन घुसल्या. “तीन एक्स आहे ना त्यात? मग मला द्या. आमच्या मापाचं सगळेजण कुठेतरी लपवून ठेवतात.”

लेक धरून पाच झाल्या. अडलं ते डबल एक्सेलवर. बाजारात डबल एक्सेल बायका चिक्कार होत्या, पण तसं कबूल करणारी एकही नव्हती. दोघी तर नुसतं विचारल्यावर दुखावून निघून गेल्या. बँकेतली एक बाई मात्र नमुन्यापाशी रेंगाळत होती.

“आवडला खरा,” ती म्हणाली, “पण मला लार्ज होतो.”

“ही कंपनी मापं फार तोकडी काढते,” आई गंभीरपणे म्हणाली. “वर डबल एक्सेल लिहितात, आत लार्जच असतो. हो ना हो?”

दुकानदाराने आईकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं.

“फारच तोकडी,” तो म्हणाला.

“मग माझा लार्ज म्हणजे?” नर्सने विचारलं.

“जेमतेम स्मॉल.”

नर्स खूश झाली. वकीलबाईंनी हात वर केला. “मला काही सांगू नका. माझं मला माहीत आहे.”

सुतळी सुटली. घाऊक दुकानात आरसा नसतो. गठ्ठ्याला आरसा कशाला लागतो? त्यामुळे सहाही जणी जिन्याशेजारच्या लिफ्टच्या स्टीलच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरीण पाठ दिसावी म्हणून मान वळवत होती, तेवढ्यात आरसा मधोमध उघडला आणि त्यातून दोन हमाल गठ्ठे घेऊन बाहेर आले.

“खांद्यात सैल आहे,” त्यातला एकजण जाता जाता म्हणाला.

ते खरं होतं. कारखान्याने तो कोट सगळ्यांसाठी कापला होता, म्हणून तो कुणालाच धड बसत नव्हता. आईने पिशवीतून टाचण्यांची डबी, टेप आणि सुई-दोरा काढला, आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बैठक मारली. “या एकेक. कच्चे टाके घालून देते. घरी जाऊन त्यावरून मशीन मारा.”

मास्तरणीचा खांदा उचलला गेला. नर्सची कंबर आत गेली. वकीलबाईंच्या बाह्या तीन बोटं वर आल्या. लायब्ररियनला पहिल्यांदाच खांदे आले. बँकेतली बाई लिफ्टच्या दारासमोर पुढून, मागून, बाजूने उभी राहिली आणि म्हणाली, “आता कसा, खास माझ्यासाठी शिवल्यासारखा वाटतोय.”

लेक हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. तिच्या मीडियमच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या आणि पाठीवर एक फुगा उठला होता. पाचवी बाई पायरीपासून बाजूला झाली, तशी ती पुढे झाली.

“आई, माझा पण जरा...”

आईच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. त्या न काढताच ती म्हणाली, “ऑफिसात कळेल.”

“कळू दे,” लेक म्हणाली, आणि पायरीसमोर उभं राहून तिने दोन्ही हात पुढे केले, लहानपणी झबलं घालून घ्यायला करायची तसे.